विश्लेषण : वापरलेला एन-९५ मास्क पुन्हा ‘चार्ज’ करता येतो का?

धुतलेला मास्क स्वच्छ दिसतो, कुठे फाटलेलाही नसतो. तरीही त्याची निम्मी ताकद गेलेली असू शकते. ही ताकद नेमकी कशात असते, मुंबईतल्या संशोधकांनी ती परत कशी आणली आणि घरी काय करावं, काय टाळावं?

२०२० च्या उन्हाळ्यात घराघरांच्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर मास्क वाळत घातलेले दिसायचे. कापडी मास्क धुवायचेच असतात, त्यात गैर काही नव्हतं. पण त्याच दोरीवर, त्याच चिमट्यांना एन-९५ मास्कही लटकत होते. कुणी ते साबणाच्या पाण्यात बुडवून काढलेले, तर कुणी आतून-बाहेरून सॅनिटायझर फवारून ‘स्वच्छ’ केलेले.

लोकांचा नाइलाज होता. मास्क मिळत नव्हते आणि मिळाले तर परवडत नव्हते. केंद्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी मास्क आणि सॅनिटायझर यांना अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली आणि एन-९५ मास्कसाठी १९ ते ४९ रुपयांची चौकट ठरवून दिली. एकदा वापरून फेकून द्यायची वस्तू आठवडाभर पुरवणं ही तेव्हाची गरज होती.

साथ ओसरली, सवय मात्र राहिली. हिवाळ्यात हवेची गुणवत्ता घसरली की कपाटातला जुना एन-९५ बाहेर निघतो. बांधकामाच्या धुळीत काम करणारे, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, क्षयरोगाच्या वॉर्डात काम करणारे कर्मचारी यांच्यासाठी तर तो रोजचाच आहे. ‘धुऊन पुन्हा वापरला तर बिघडलं काय?’ हा प्रश्न म्हणूनच आजही विचारला जातो. त्याचं उत्तर मास्कच्या आत दडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे विद्युतभार.

मास्क म्हणजे बारीक चाळणी नव्हे का?

बहुतेकांची समजूत तशीच असते. चाळणीची भोकं जितकी बारीक तितकं पीठ बारीक. तसंच मास्कची छिद्रं विषाणूपेक्षा लहान असली पाहिजेत, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एन-९५ मास्कच्या धाग्यांमधली मोकळी जागा अनेक मायक्रॉनची असते. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा. म्हणजे चाळणीचाच हिशेब लावला तर तो आरामात आरपार जायला हवा. छिद्रं विषाणूपेक्षा लहान केली असती, तर त्या मास्कमधून श्वासच घेता आला नसता.

मग कण अडतात कसे? मास्कचा मधला थर हे धाग्यांचं दाट जंगल असतं. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे अतिशय बारीक, वेडेवाकडे धागे एकमेकांवर पसरलेले असतात. या धाग्यांची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. हवा या जंगलातून वळणं घेत जाते. मोठे, जड कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि धाग्यावर आपटतात. काही कण धाग्याला घासून जाताना चिकटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला जाऊन लागतात.

अडचण मधल्या आकाराच्या कणांची. आपटण्याइतके ते जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे हे कण सर्वात सहज निसटतात. त्यांच्यासाठी मास्कमध्ये चौथी युक्ती असते. धाग्यांवर कायमस्वरूपी विद्युतभार भरून ठेवलेला असतो आणि तो जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेतो.

लहानपणी कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचललेले आठवत असतील. कपट्यांवर स्वतःचा विद्युतभार नसतो, तरी ते कंगव्याकडे झेपावतात. एन-९५ मधला प्रत्येक धागा असाच एक अतिसूक्ष्म कंगवा आहे. फरक इतकाच, की कंगव्याचा प्रभाव काही मिनिटांत ओसरतो, तर मास्कमधला भार नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकतो.

हा विद्युतभार भरतात कसा?

कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थाला ‘इलेक्ट्रेट’ म्हणतात. चुंबकाला जसं ‘मॅग्नेट’, तसं हे ‘इलेक्ट्रेट’. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ मध्ये सुचवला. वायर असलेल्या इअरफोनमधला छोटासा माइकही बहुधा याच तत्त्वावर चालतो.

मास्कच्या बाबतीत यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे पीटर त्साई. तैवानमध्ये जन्मलेले हे अभियंते अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात काम करत होते. वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने फुंकून त्याचे बारीक धागे करायचे, या पद्धतीला ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. अशा कापडावर उच्च दाबाच्या विजेने विद्युतभार भरण्याची पद्धत त्साई आणि त्यांचे सहकारी लॅरी वॉड्सवर्थ यांनी विकसित केली. तिचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळालं. टोकदार इलेक्ट्रोडजवळ हवेचं आयनीभवन होतं, ते आयन कापडावर जाऊन बसतात आणि प्लास्टिक विजेचं दुर्वाहक असल्याने तिथेच अडकून राहतात. कापडाची जाडी किंवा वीण न बदलता त्याची गाळणक्षमता यामुळे कित्येक पटींनी वाढते.

करोनाची साथ आली तेव्हा त्साई निवृत्त झाले होते. मास्क निर्जंतुक करून पुन्हा कसे वापरता येतील, अशी विचारणा जगभरातून सुरू झाली आणि ते पुन्हा कामाला लागले. जंतू मारले पाहिजेत, पण भार जाता कामा नये, ही त्यांच्यापुढची मुख्य अट होती.

नावातला ‘९५’ काय सांगतो?

एन-९५ हा अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या चाचणीचा दर्जा आहे. साधारण ०.३ मायक्रॉन आकाराचे मिठाचे कण असलेली हवा मिनिटाला ८५ लिटर या वेगाने मास्कमधून सोडतात. किमान ९५ टक्के कण अडले तर मास्क उत्तीर्ण. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, हे लक्षात घेतलं तर चाचणी किती कडक आहे ते कळतं. नावातला ‘एन’ सांगतो, की हा मास्क तेलकट कणांसाठी नाही. भारतात याच्या जवळचा दर्जा एफएफपी-२ हा असून त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९४७३ हे मानक आहे.

हा ९५ चा आकडा कोऱ्या मास्कचा आहे. तुम्ही धुतलेल्या, फवारलेल्या, महिनाभर खिशात कोंबलेल्या मास्कचा तो आकडा काय असेल, याची हमी पाकिटावर कुठेही नसते.

सॅनिटायझर मारल्यावर नेमकं काय बिघडतं?

भार निघून जातो. अल्कोहोल पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांमध्ये सहज शिरतं, त्यांना ओलं करतं आणि अडकून बसलेल्या भारांना निसटायला वाट मिळते. साध्या पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. पॉलिप्रॉपिलीनला पाणी चिकटत नाही; कमळाच्या पानावरून ओघळावं तसं ते ओघळून जातं. पण पाण्यात साबण आला, की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते धाग्यांच्या जंगलात खोलवर घुसतं. म्हणजे साबण आणि अल्कोहोल ही जी दोन साधनं हातांसाठी सर्वोत्तम, तीच या मास्कसाठी सर्वात घातक.

अल्कोहोलचा हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की एअर फिल्टरच्या उद्योगात तो मुद्दाम वापरतात. फिल्टरची ताकद विद्युतभारामुळे किती आणि धाग्यांच्या रचनेमुळे किती, हे तपासण्यासाठी आयएसओ १६८९० या मानकात फिल्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून त्याचा भार काढून टाकतात आणि मग चाचणी घेतात. उद्योगात भार घालवण्याची जी अधिकृत पद्धत आहे, जवळपास तीच पद्धत साथीच्या काळात अनेकांनी स्प्रेच्या बाटलीने घरी वापरली.

आकड्यांत बोलायचं तर स्टॅनफर्ड विद्यापीठातले यी कुई आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘एसीएस नॅनो’ या नियतकालिकात याची मोजणी मांडली. सुमारे ९६ टक्के कण अडवणारं मेल्टब्लोन कापड अल्कोहोलने भिजवून वाळवल्यावर जेमतेम ५६ टक्के कण अडवत होतं. क्लोरीनच्या द्रावणानंतर हा आकडा साधारण ७३ टक्क्यांवर आला.

५६ टक्के हा आकडा ऐकायला फार वाईट वाटत नाही. पण हिशेब उलट बाजूने करून पाहा. कोऱ्या मास्कमधून १०० पैकी ४ कण आत येत होते, आता ४४ येतात. म्हणजे छातीत जाणारे कण अकरा पट झाले. आणि मास्क हातात घेऊन पाहिला तर काहीच बदललेलं नसतं. तोच रंग, तीच वीण, उलट सॅनिटायझरमुळे ताजा वास. खरा धोका इथेच आहे. फाटलेला मास्क माणूस फेकून देतो, भार गेलेला मास्क मात्र निर्धास्तपणे घालून क्षयरोगाच्या वॉर्डात जातो.

मुंबईत काय प्रयोग झाला?

गेलेला भार परत भरता येईल का, हा प्रश्न कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या म्हणजेच टीआयएफआरमधल्या संशोधकांनी हाती घेतला. एमरोज हुसेन, शंकर घोष, अर्णब भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी या गटात होते. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेचे डोव्ह लेव्हिनही त्यांच्याबरोबर होते. त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या गटाने आधी मोजमापाची सोय केली. मास्कवर किती विद्युतभार आहे आणि तो किती कण अडवतो, या दोन्ही गोष्टी मोजणारी साधी मांडणी त्यांनी प्रयोगशाळेत उभारली. त्यातून दोन बाबी पुढे आल्या. एक, मास्क नुसता वापरल्यानेही त्याचा भार कमी होत जातो. दोन, अल्कोहोलसारख्या साध्या उपायांनी निर्जंतुक केल्यावर उरलासुरला भारही जातो आणि गाळणक्षमता झपाट्याने घसरते.

त्यानंतर त्यांनी निर्जंतुक केलेले मास्क पुन्हा उच्च विद्युत क्षेत्रात ठेवले. धाग्यांवर भार परत आला आणि त्याच्याबरोबर गाळणक्षमताही परत आली. बॅटरी उतरलेला फोन चार्जिंगला लावावा, तसाच हा प्रकार म्हणता येईल. फक्त मास्कमध्ये साठते ती ऊर्जा वापरण्यासाठी नसते; धाग्यांवर भार नुसता बसून राहतो आणि बसल्या जागेवरून कण पकडतो. प्लास्टिक दुर्वाहक असल्याने या कामाला वीजही नगण्य लागते. लागतो तो व्होल्टेजचा मोठा दाब.

या प्रयोगाचं महत्त्व असं, की त्याने एका कामाचे दोन भाग केले. मास्क निर्जंतुक करणं हे एक काम आणि त्याची गाळणक्षमता परत आणणं हे दुसरं. तोवरची बहुतेक धडपड अशी होती, की भाराला धक्का न लावता जंतू मारणारी पद्धत शोधायची. टीआयएफआरच्या प्रयोगाने दाखवलं, की भार गेला तरी सगळं संपत नाही. तो पुन्हा भरता येतो.

भार न घालवता निर्जंतुक करण्याचे मार्ग कोणते?

जगभर सर्वाधिक भरवशाची ठरली ती उष्णता. वर उल्लेख केलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असताना उष्णतेचे ५० फेरे दिले, तरी गाळणक्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. अतिनील किरणांचे १० फेरे मास्कने सोसले, २० फेऱ्यांपर्यंत थोडी घसरण दिसू लागली. या किरणांनी कापड आणि पट्ट्या कमकुवत होण्याचा धोकाही असतो. वाफ मात्र बेभरवशाची निघाली. वारंवार वाफ दिल्यावर धाग्यांवर पाणी साचतं आणि भार उतरू लागतो. त्यामुळे इडलीपात्र किंवा प्रेशर कुकरमध्ये मास्क वाफवण्याचे तेव्हा फिरलेले सल्ले धोक्याचेच होते.

इलिनॉय विद्यापीठातल्या थान्ह हेलन गुयेन आणि विशाल वर्मा यांच्या गटाने घरगुती इलेक्ट्रिक कुकरचा प्रयोग केला. पाणी न घालता, साधारण १०० अंशांची कोरडी उष्णता ५० मिनिटं दिली. मास्क निर्जंतुक झाले आणि २० फेऱ्यांनंतरही गाळणक्षमता ९५ टक्क्यांच्या वर राहिली. यात ‘कोरडी’ हा शब्द कळीचा आहे.

रुग्णालयांसाठी अमेरिकेत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची यंत्रणा उभी राहिली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० च्या अखेरीस बॅटेल या संस्थेला आपत्कालीन परवानगी दिली. पण मास्कचा पुरवठा सुरळीत होताच, ३० जून २०२१ रोजी याच प्रशासनाने मास्क निर्जंतुकीकरणाच्या परवानग्या मागे घेतल्या. फेरवापर ही टंचाईतली तडजोड होती आणि नवा मास्क मिळत असेल तर तोच वापरावा, असा त्याचा स्पष्ट अर्थ.

हेअर ड्रायरने चार्ज होतो, हे खरं का?

या दाव्याला संशोधनाचा आधार आहे, पण तो मर्यादित. बीजिंग रसायन तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात एक पद्धत मांडली. एकदाच वापरायचे मास्क ५६ अंशांपेक्षा गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचे आणि मग हेअर ड्रायरने वाळवायचे. ड्रायरच्या कोरड्या गरम हवेने धाग्यांवर स्थिर विद्युत पुन्हा तयार होते आणि गाळणक्षमता बरीचशी टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. त्यांच्या पद्धतीत साबण किंवा अल्कोहोल नव्हतं, फक्त गरम पाणी होतं. आणि साधं पाणी या धाग्यांना फारसं भिजवत नाही, हे आपण वर पाहिलं. दुसरं, संशोधकांकडे प्रत्येक मास्कची गाळण मोजण्याची सोय होती. घरी ड्रायर फिरवल्यावर कागदाचे कपटे मास्कला चिकटले, याचा अर्थ तिथे काहीतरी भार आहे एवढाच. तो पुरेसा आहे का, सगळीकडे सारखा आहे का, मधल्या थरापर्यंत पोहोचला आहे का, हे कपटे सांगत नाहीत.

मग मास्क घरी चार्ज करायचा का?

नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण सुरक्षिततेचं. विद्युतभार भरण्यासाठी उच्च व्होल्टेज लागतं. असा प्रयोग प्रशिक्षित माणसांनी, योग्य उपकरणांनी, प्रयोगशाळेतच करायचा असतो. व्हिडिओ पाहून घरी सर्किट जोडणं जिवावर बेतू शकतं.

दुसरं कारण मोजमापाचं. टीआयएफआरच्या संशोधकांनाही आधी मोजण्याची मांडणी उभारावी लागली. घरी ती नसते. मास्क किती कण अडवतो हे डोळ्यांनी, वासाने किंवा फुंकर मारून कळत नाही. मेणबत्ती विझवण्याच्या चाचणीचे व्हिडिओ बरेच फिरले, पण फुंकर अडणं वेगळं आणि ०.३ मायक्रॉनचा कण अडणं वेगळं.

तिसरं कारण सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. चार्जिंगने धाग्यांची ताकद परत येते, पण मास्कचा चेहऱ्यावरचा घट्टपणा परत येत नाही. पट्ट्यांचं इलॅस्टिक सैल होतं, नाकावरची धातूची पट्टी वाकून वाकून ढिली पडते. मास्क कितीही उत्तम गाळत असला तरी कडेला फट असेल तर हवा सोपा मार्ग धरते आणि फटीतून न गाळताच आत येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये रुग्णालयातल्या ६८ कर्मचाऱ्यांच्या वापरलेल्या एन-९५ मास्कची घट्टपणाची चाचणी घेतली. बदकाच्या चोचीसारख्या आकाराच्या मास्कमध्ये सुमारे ७० टक्के आणि घुमटाच्या आकाराच्या मास्कमध्ये सुमारे २८ टक्के नापास झाले. अमेरिकेच्या सीडीसीनेही टंचाईच्या काळात एक मास्क जास्तीत जास्त ५ वेळाच चढवावा, असा सल्ला दिला होता.

आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक मास्कमध्ये डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांऐवजी कानात अडकवायचे लूप असतात. ते सोयीचे असले तरी घट्ट बसण्यात कमी पडतात आणि लवकर सैलही होतात.

मग एन-९५ जास्त दिवस टिकवायचा कसा?

गेलेला भार परत आणण्यापेक्षा असलेला जपणं हाच घरचा उपाय. रोज मास्क वापरावा लागत असेल तर पुढच्या गोष्टी सहज करता येतात.

• आळीपाळीने वापरा. चार-पाच मास्क ठेवा, प्रत्येकावर वाराचं नाव लिहा. एकदा वापरलेला मास्क काही दिवस विश्रांती घेतो, श्वासाचा ओलावा वाळतो. प्लास्टिकवर करोनाचा विषाणू ७२ तासांपर्यंत टिकल्याचं २०२० मध्ये आढळलं होतं. त्यामुळे मधले दिवस जास्त असलेले बरे.

• कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. किराणा दुकानात मिळणारी साधी कागदी पिशवी उत्तम.

• सावलीत वाळवा. कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन आणि इलॅस्टिक दोन्ही हळूहळू खराब होतात.

• साबण, सॅनिटायझर, ब्लीच, डेटॉल यांपासून दूर ठेवा. चुकून अल्कोहोल सांडलं तर तो मास्क बाद समजा.

• इस्त्री फिरवू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं आणि सुती कपड्यांची इस्त्री त्याहून गरम असते. मायक्रोवेव्हमध्ये नाकावरच्या धातूच्या पट्टीमुळे ठिणग्या उडू शकतात.

• आतल्या बाजूला हात लावू नका. काढताना पट्ट्या धरा, पुढचा भाग नको.

मास्क कशासाठी वापरता, यावरही बरंच अवलंबून आहे. धूळ आणि प्रदूषणापासून बचाव करायचा असेल तर निर्जंतुक करण्याची गरजच नसते. मास्क कोरडा, अभंग आणि घट्ट बसणारा असेल तोवर चालतो. श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर समजावं की धाग्यांत धूळ भरली आहे. ही धूळ धाग्यांवरचा भारही झाकून टाकते. अशा मास्कला चार्ज करूनही उपयोग नाही, कारण चार्जिंगने धूळ निघत नाही.

क्षयरोगाच्या किंवा इतर संसर्गाच्या रुग्णांजवळ काम करणाऱ्यांनी मात्र घरगुती प्रयोगांच्या वाटेला जाऊ नये. रक्त, थुंकी लागलेला किंवा ओला झालेला मास्क तिथेच टाकावा आणि नवा मास्क मागावा. तो हट्ट नाही, हक्क आहे.

टाकायचा कसा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सामान्य नागरिकांसाठी नियम घालून दिला. वापरलेला मास्क किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवायचा आणि नंतर कापून सुक्या कचऱ्यात टाकायचा. कापायचा अशासाठी, की तो कुणी उचलून, धुऊन पुन्हा विकू नये. भार गेलेला मास्क दिसायला नव्यासारखाच असतो, हे लक्षात घेतलं तर कात्रीचा हा नियम किती गरजेचा आहे ते कळेल. रुग्णालयातल्या मास्कसाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे वेगळे नियम आहेत.

या संशोधनाचा पुढे उपयोग काय?

आज मास्कची टंचाई नाही. तरी दोन कारणांमुळे टीआयएफआरचं काम जुनं झालेलं नाही. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही आणि ती आली की पहिल्या काही आठवड्यांत कारखाने मागणीला पुरे पडत नाहीत, हा २०२० चा अनुभव आहे. तालुक्याच्या रुग्णालयात नवा साठा पोहोचेपर्यंत असलेले मास्क निर्जंतुक करून, तपासून, पुन्हा चार्ज करण्याची सोय असेल, तर तेवढ्या काळात डॉक्टर आणि परिचारिकांचा बचाव होऊ शकतो. अर्थात त्यासाठी प्रयोगशाळेतली पद्धत प्रमाणित व्हावी लागेल आणि प्रत्येक मास्कच्या घट्टपणाची तपासणीही त्यात असावी लागेल.

दुसरं कारण कचऱ्याचं. एकदा वापरून फेकलेला प्रत्येक मास्क हा प्लास्टिकचा तुकडा आहे आणि तो सहजासहजी कुजत नाही. अनेकदा मास्कचे धागे शाबूत असतात, गेलेला असतो तो फक्त भार. मास्कशिवाय घरातल्या एअर प्युरिफायरपासून गाडीच्या एसीपर्यंत अनेक ठिकाणी भारित धाग्यांचे फिल्टर असतात. तेही भार उतरल्यावर बदलले जातात.

तोवर तुमच्या कपाटातल्या मास्कपुरता प्रश्न सोपा आहे. त्याला कधी साबण लावला होता का, सॅनिटायझर फवारलं होतं का, हे आठवून पाहा. उत्तर ‘हो’ असेल, तर तो कात्रीने कापा आणि नवा घ्या.